सायकलचं इंजिन किट: वायरिंग नीट कशी करायची आणि इंजिन सुरू होत नसेल तर कुठून शोधायचं

इंजिन फ्रेममध्ये बसलं, चेन चढली, टाकीत पेट्रोल गेलं. पायडल मारून मारून पोटऱ्या भरून आल्या, पण इंजिन एकदाही फुरफुरलं नाही. पहिल्यांदा किट बसवणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला अशी एक संध्याकाळ येतेच. मग हात आपोआप कार्बोरेटरकडे जातो, कारण तो समोर असतो आणि दोन स्क्रूंत उघडतो. तिथेच गाडी चुकीच्या वाटेला लागते. आधी करंट, मग पेट्रोल, मग हवा हा क्रम धरला आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर नवखा माणूससुद्धा बिघाडापर्यंत पोचतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की इंजिन सुरू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी मी सलग तीन संध्याकाळी कार्बोरेटर खोलला, धुतला आणि परत बसवला. चौथ्या दिवशी इंजिनाचा पुढचा क्लॅम्प सैल केला तेव्हा त्याच्याखाली निळी वायर चपटी होऊन बसलेली दिसली. क्लॅम्पच्या कडेने तिचं प्लास्टिक बरोबर नखाएवढ्या जागी कापलं होतं, आतली तांब्याची तार फ्रेमला टेकली होती आणि तेवढ्या जागी रंग खरवडून लोखंड उघडं पडलं होतं. वायर बाहेर ओढली, टेप गुंडाळली आणि दहा पावलांत इंजिन सुरू झालं. तेव्हापासून मी वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ देतो, आणि या लेखातही तेच केलं आहे.

ही वीज येते कुठून

इथे ज्या किटबद्दल बोलतोय ते सगळ्यात जास्त दिसणारं टू-स्ट्रोक किट. ‘८० सीसी’ म्हणून विकलं जाणारं इंजिन प्रत्यक्षात ६६ सीसीचं असतं: सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, ३८ मिलिमीटर, म्हणजे हिशोब तेवढाच येतो. लहान इंजिनात व्यास ४० मिलिमीटर असतो. वायरिंग दोघांचंही सारखंच.

या इंजिनाला बॅटरी नसते, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. इंजिनाच्या एका बाजूच्या झाकणाखाली क्रँकशाफ्टवर एक चुंबक फिरतो आणि त्याच्याभोवती तारेचं गुंडाळं, म्हणजे मॅग्नेटो कॉइल, बसवलेलं असतं. चुंबक फिरला की कॉइलमध्ये वीज तयार होते. ती निळ्या वायरीतून सीडीआय नावाच्या काळ्या डबीत जाते आणि तिथल्या कपॅसिटरमध्ये साठते. ठरावीक क्षणी डबी ती एकदम सोडते, आतली इग्निशन कॉइल तिचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. ठिणगीचा करंट प्लगच्या आट्यांमधून इंजिनाच्या बॉडीत आणि तिथून काळ्या वायरीने डबीत परत येतो. म्हणून काळी वायर म्हणजे या सगळ्याचं अर्थिंग आहे. ती सैल असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही करंट येत नाही.

तीन वायरी

इंजिनातून साधारणपणे तीन वायरी बाहेर येतात: निळी, काळी आणि पांढरी. सीडीआयच्या डबीतून दोन येतात: निळी आणि काळी. निळी निळीला, काळी काळीला. एवढंच मुख्य वायरिंग आहे.

पांढरी वायर दिव्यासाठी दिलेली असते. तिच्यातून ६ व्होल्टचा एखादा बारका बल्ब लागेल इतपतच वीज मिळते, आणि ती त्याच कॉइलमधून येत असल्यामुळे तिच्यावर लोड टाकला की ठिणगी मंदावते. माझा सल्ला सरळ आहे: पांढऱ्या वायरीला हात लावू नका. तिच्या टोकाला टेप गुंडाळा किंवा हीट-श्रिंक (गरम केली की आवळणारी) नळी चढवा, ती कुठेही टेकणार नाही अशी बांधून ठेवा आणि दिव्यासाठी वेगळा बॅटरीवरचा दिवा वापरा. पांढऱ्या वायरीचं उघडं टोक इंजिनाला टेकलं तरी ठिणगी मरते, आणि हे कारण कोणी शोधत नाही.

किटबरोबर येणारे छोटे गोल कनेक्टर नुसते एकमेकांत खुपसून सोडू नका. इंजिनाच्या हादऱ्याने ते महिन्याभरात सैल होतात. वायरीची टोकं सोलून तारा एकमेकींत पीळ देऊन गुंफा, सोल्डरने डाग द्या आणि वर हीट-श्रिंक चढवा. नळी डाग देण्याआधी वायरीत ओवायला विसरू नका. डाग देता येत नसेल तर दाबून बसणारे चांगले कनेक्टर वापरा आणि प्रत्येक जोड हाताने ओढून बघा. ओढल्यावर हलला तर तो जोड झालेलाच नाही.

वायरी नेताना चार जागा टाळा: सायलेन्सर, चेन, क्लॅम्पची खालची बाजू आणि हँडल वळताना ताण येणारा कोपरा. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. कुठेही वायर ताणली जाता कामा नये. सीडीआयची डबी फ्रेमवर अशी बसवा की सायलेन्सरची धग तिला लागणार नाही आणि वायरींची तोंडं खालच्या बाजूला येतील, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मॅग्नेटोच्या झाकणातून वायरी जिथे बाहेर येतात तिथे सिलिकॉनचा एक थेंब भरा. या झाकणात पाणी गेलं तर पावसात गाडी बंद पडलीच म्हणून समजा.

किल स्विच: इथे बहुतेक जण फसतात

घरातला दिव्याचा स्विच जोडला की दिवा लागतो. किल स्विच नेमका याच्या उलट चालतो. तो निळ्या वायरीची वीज काळ्या वायरीत, म्हणजे अर्थिंगला वळवतो. वीज डबीत पोचतच नाही, म्हणून इंजिन थांबतं. थोडक्यात, जोड झाला की इंजिन बंद आणि जोड तुटला की इंजिन चालू.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, किल स्विच मुळीच जोडला नाही तरी इंजिन सुरू होतं. दोन, किल स्विचच्या दोन वायरी हँडलच्या मुठीखाली कुठेतरी एकमेकींना टेकल्या तर इंजिन कधीच सुरू होणार नाही. नव्या किटमध्ये करंट येत नसल्याची तक्रार असेल तर मी सगळ्यात आधी हेच बघतो.

जोडणी अशी: स्विचची एक वायर निळ्या जोडात, दुसरी काळ्या जोडात. काही किटच्या कागदावर एक वायर पांढरीला जोडायला सांगितलेलं असतं. मी तसं करत नाही. निळीला जोडलेला स्विच ठिणगी थेट तोडतो आणि बिघाड शोधतानाही डोकं साफ राहतं. मात्र एक काळजी घ्या: इंजिन फिरत असताना निळ्या वायरीत जोरदार झटका देण्याइतके व्होल्ट असतात. चालू इंजिनात उघड्या जोडाला बोट लावू नका.

आधी किल स्विच न जोडता ठिणगी तपासा, मग स्विच जोडा आणि पुन्हा तपासा. या दोन तपासण्यांमध्ये ठिणगी गेली, तर बिघाड कुठे आहे ते तुम्हाला आपोआप समजलं.

ठिणगी कशी बघायची

प्लग काढा, त्याच्या टोपीत परत बसवा आणि त्याच्या आट्या सिलिंडर हेडला घट्ट टेकवून धरा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने पेटू शकते. धरायला इन्सुलेशन असलेली पकड वापरा. सावलीत या. दुसऱ्या कोणाला मागचं चाक उचलून पायडल फिरवायला सांगा आणि क्लच सोडा, म्हणजे इंजिन फिरेल. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी दिसली तर वायरिंग चोख आहे; पुढे पेट्रोलकडे जा. फिकट पिवळी, अधूनमधून येणारी ठिणगी दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर या क्रमाने जा:

१. किल स्विचच्या दोन्ही वायरी सोडवा आणि पुन्हा बघा. ठिणगी आली तर स्विच किंवा त्याची वायर बदला.

२. दुसरा प्लग लावून बघा. किटबरोबरचा प्लग कामचलाऊ असतो. त्याऐवजी एनजीके कंपनीचा बी६एचएस हा प्लग बसतो; फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवा. प्लगच्या डोक्यावर आट्यांचा छोटा नट असेल तर तो पकडीने आवळा; तो सैल असल्यामुळे मिसफायरिंग होतं.

३. प्लगची टोपी वायरीवरून आट्या फिरवून काढा. वायरीचं टोक काळं, कोरडं किंवा गंजलेलं असेल तर पाच-सहा मिलिमीटर कापून टाका आणि टोपी परत फिरवून बसवा. टोपीतला स्क्रू तांब्याच्या मधोमध जायला हवा.

४. आता मल्टिमीटर घ्या. इंजिनाच्या वायरी डबीपासून सोडवल्याशिवाय मोजू नका, नाहीतर आकडे चुकीचे येतात. मीटर २००० ओमवर ठेवून निळी आणि काळी मोजा: ३०० ते ४०० ओमच्या दरम्यान आकडा आला तर कॉइल ठीक. शून्याजवळ आला तर कॉइल आत शॉर्ट झाली आहे किंवा निळी वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. आकडाच आला नाही, तर वायर तुटली आहे. मोजताना वायरी हलवून बघा. हलवल्यावर आकडा उड्या मारत असेल तर प्लास्टिकच्या आत तार तुटलेली आहे.

५. काळी वायर आणि इंजिनाची उघडी धातूची बॉडी मोजा. जवळजवळ शून्य ओम यायला हवं. जास्त आलं तर मॅग्नेटोचं झाकण उघडा आणि कॉइलचे स्क्रू, तिची काळी वायर आणि डागाची जागा तपासा.

६. हे सगळं बरोबर असूनही ठिणगी नाही, तर उरतो तो सीडीआय. मल्टिमीटरने त्याची खात्रीशीर परीक्षा होत नाही. चालू असलेली दुसरी डबी लावून बघणं हाच मार्ग. म्हणून ती सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण पहिल्याच दिवशी नवी डबी आणतात आणि जुनी, चांगली डबी फेकून देतात.

मॅग्नेटोचं झाकण उघडलंच असेल तर आत बघून घ्या. चुंबक कॉइलच्या लोखंडाला घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर कॉइल वाकडी बसली आहे. स्क्रू सैल करून सरळ करा. आत पेट्रोल-ऑइलचा ओलावा असेल तर क्रँकशाफ्टचं सील गेलं आहे. चुंबक मात्र गरजेशिवाय काढू नका. उलटा बसला तर टायमिंग बिघडतं आणि मग खरोखरच काही कळत नाही.

ठिणगी आहे, पण इंजिन घेत नाही

आधी पेट्रोलमधलं ऑइल. या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नसते, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. किटच्या सूचनांत सुरुवातीच्या दिवसांसाठी १६ भाग पेट्रोलला १ भाग ऑइल आणि नंतर २० ला १ असं प्रमाण असतं. एक लिटर पेट्रोलला १६ ला १ म्हणजे साधारण ६२ मिलिलिटर आणि २० ला १ म्हणजे ५० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. अंदाजाने ओतू नका, मापाची छोटी बाटली वापरा आणि वेगळ्या डब्यात हलवून मगच टाकीत घाला. नुसत्या पेट्रोलवर इंजिन काही किलोमीटर झकास पळतं आणि मग पिस्टन जाम होतो.

दहा-बारा वेळा इंजिन फिरवून प्लग काढून बघा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नाही: टाकीचा कॉक, त्याची जाळी, मधला फिल्टर आणि शेवटी कार्बोरेटरचा जेट, वरून खाली असं तपासा. प्लग ओलाचिंब असेल तर पेट्रोल जास्त झालं. कॉक बंद करा, चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि थोडा वेळ पायडल मारून सिलिंडर कोरडा करा.

दोन-चार मिनिटं नीट चालून गाडी बंद पडते, थोडा वेळ थांबलं की परत चालते, असं होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? सुईने भोक मोकळं करा.

चोकची दांडी बहुतेक किटच्या कार्बोरेटरमध्ये वर केली की चोक लागतो आणि खाली केली की सुटतो. थंड इंजिनाला तो लावा, गरम झालं की सोडा. अर्धवट लागलेल्या चोकवर गाडी धूर टाकत, अडखळत चालते.

हवा चोरते आहे का

इंजिन सुरू झालं पण थ्रॉटल सोडल्यावरही आवाज खाली येत नाही, उलट वाढतो, असं असेल तर मजेत चालवत बसू नका, लगेच थांबा. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्या मधून कुठूनतरी फुकटची हवा आत जाते आहे. हवा जास्त आणि पेट्रोल-ऑइल कमी असं झालं की इंजिन तापतं आणि पिस्टन सीझ होतो. चालू इंजिनात त्या जोडांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला ती जागा गळकी. पेट्रोल किंवा जळणारा स्प्रे तिथे मारू नका. गॅस्केट बदला, इनटेकचे नट सारखे आवळा, कार्बोरेटरचा पट्टा घट्ट करा.

आवाज वाढण्याचं दुसरं कारण म्हणजे कार्बोरेटरमधली स्लाइड उलटी बसणं. ती उभी नळकांडी आहे. तिच्या एका बाजूला खालून तिरका काप असतो आणि दुसऱ्या बाजूला उभी खाच. काप एअर फिल्टरच्या बाजूला येतो आणि खाच आतल्या खुंटीवर बसते. उलटी बसली तर इंजिन सुरू होताच पूर्ण वेगात ओरडतं. म्हणूनच किल स्विच आधी तपासून ठेवायचा आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना अंगठा त्याच्यावरच ठेवायचा.

मिश्रण बरोबर आहे की नाही हे प्लग सांगतो. थोडं चालवून प्लग काढा: फिकट तपकिरी असेल तर छान, काळा आणि चिकट असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी. कार्बोरेटरच्या सुईवरची क्लिप एक खाच खाली नेली की पेट्रोल वाढतं, वर नेली की कमी होतं. एका वेळी एकच खाच.

पहिल्यांदा सुरू करताना

आधी ब्रेक. पुढचे आणि मागचे दोन्ही ब्रेक पूर्ण ताकदीचे नसतील तर इंजिन सुरू करूच नका. चेनला मधोमध साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर ढील हवी. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. चेन-टेन्शनर फ्रेमवर घट्ट आहे ना, हे हाताने जोर लावून बघा. तो सैल होऊन आऱ्यांत गेला की चाक जागच्या जागी अडकतं, आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

क्लच ओढून धरला असताना सायकल सहज ढकलता यायला हवी. जड जात असेल तर क्लचची वायर आवळावी लागते किंवा आतला फुलाच्या आकाराचा नट जुळवून घ्यावा लागतो. वायरीत थोडी ढील मात्र ठेवा, नाहीतर क्लच सतत घसरत राहतो.

मोकळ्या, सपाट जागी क्लच धरून पायडल मारा, वेग आला की क्लच हळूच सोडा आणि थोडा थ्रॉटल द्या. बंद खोलीत इंजिन चालवू नका; धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही. रस्त्यावर नेण्याआधी तुमच्याकडे अशी गाडी चालवायला परवानगी, नोंदणी किंवा विमा लागतो का हे विचारून घ्या. पहिल्या दोन टाक्या पूर्ण थ्रॉटल टाळा, वेग कमीजास्त ठेवा, लांब चढावर इंजिनाला मध्ये विश्रांती द्या.

पहिल्या फेरीनंतर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, पाना घेऊन बसा. इंजिनाचे क्लॅम्प, सायलेन्सरचे नट, मागच्या स्प्रॉकेटचे नऊ बोल्ट आणि हेडचे नट तिरक्या क्रमाने आवळा, म्हणजे एक नट आवळला की पुढचा त्याच्या समोरचा. नवी रबरं आणि गॅस्केट दबल्यामुळे बहुतेक नट थोडे फिरतीलच. मग निळी आणि काळी वायर बोटाने शेवटपर्यंत चाचपत जा, विशेषतः क्लॅम्पच्या कडेला. तिथे वायर गरम, चपटी किंवा खरखरीत लागली तर तिची जागा आजच बदला आणि त्या कडेवर रबराचा तुकडा लावा.